जावेची गोळी तुमच्या दुखण्याची नव्हती

प्रिय डॉक्टरताई,
माझं वय ३१. पाच वर्षांची मुलगी आहे. आठ महिन्यांपूर्वी तांबी बसवून घेतली. गेले तीन आठवडे अंगावरून नेहमीपेक्षा जास्त पांढरं जातंय. पांढरं म्हणजे खरं तर राखाडीकडे झुकणारं, पातळ. खाज नाही, पण वास येतो, आणि संबंधांनंतर इतका की मी लगेच उठून आंघोळीला जाते. मोठ्या जाऊबाईंना मागे असाच त्रास झाला होता, त्यांच्याकडे उरलेली एक गोळी मी घेतली. दोन दिवस बरं वाटलं. मग पाळी आली आणि पाळीनंतर पुन्हा तेच, उलट वाढलंय. रोज जंतुनाशक घातलेल्या पाण्याने आतपर्यंत धुते. सासूबाई म्हणतात, पांढरं जातंय म्हणूनच तू अशी थकलेली असतेस. नवरा काही बोलत नाही, पण लांब झोपतो. हा कॅन्सर असेल का? त्याच्याकडून काही लागलं असेल का? डॉक्टरकडे जायचं म्हटलं तर तोंडातून शब्दच फुटत नाही.
– अस्वस्थ

प्रिय अस्वस्थ,

सगळ्यात आधी ते आतपर्यंत धुणं थांबवा. आजपासूनच. पत्राचा उरलेला भाग सवडीने वाचलात तरी चालेल, पण हे एवढं आधी करा. का, ते सांगते.

योनीमार्ग हा स्वतःला स्वच्छ ठेवणारा अवयव आहे. तिथे लॅक्टोबॅसिलस नावाचे उपयोगी जंतू राहतात. १८९२ मध्ये डोडरलाइन या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाने त्यांचं वर्णन केलं होतं. शरीरातल्या इस्ट्रोजेनमुळे योनीच्या अस्तरात एक प्रकारची साखर साठते आणि तिच्यापासून हे जंतू लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्यामुळे आतलं वातावरण आंबट राहतं. पीएचच्या भाषेत सांगायचं तर साधारण ३.८ ते ४.५ (हा आकडा जितका कमी, तितका आंबटपणा जास्त). या आंबटपणात त्रासदायक जंतूंचा जम बसत नाही. तुम्ही जंतुनाशक आत नेता तेव्हा ते चांगल्या-वाईटात फरक करत नाही. पहारेकरीही जातात आणि वास आणखी वाढतो. मग तुम्ही आणखी धुता. तीन आठवड्यांत तुमचं हेच चक्र सुरू झालेलं दिसतंय. बाहेरच्या भागाला साधं पाणी पुरे. फार तर बिनवासाचा सौम्य साबण, तोही बाहेरच. ‘तिथल्यासाठी खास’ म्हणून विकले जाणारे सुगंधी वॉश मला कधीच पटलेले नाहीत. ज्या जागेला फुलांचा वास येण्याची काहीच गरज नाही, तिथे तो आणण्यासाठी बायका स्वतःला त्रास करून घेतात.

आता ‘पांढरं जाणं’ याबद्दल. हा शब्द आपण इतक्या सरसकट वापरतो की आजार आणि निरोगीपण दोन्ही एकाच बोचक्यात बांधले जातात. वयात आल्यापासून पाळी जाईपर्यंत प्रत्येक बाईच्या अंगावरून थोडं पांढरं जातंच, जायलाच हवं. गर्भाशयाच्या मुखातल्या ग्रंथींचा चिकट स्राव, योनीच्या अस्तरातून पाझरणारं पाणी आणि झडलेल्या पेशी यांचं ते मिश्रण असतं. दिवसाला साधारण १ ते ४ मिलिलिटर, म्हणजे लहान चमच्यापेक्षाही कमी. महिन्याभरात ते बदलत राहतं. पाळीनंतर काही दिवस जवळजवळ कोरडं, मग बीज सुटण्याच्या सुमारास पारदर्शक, निसरडं, दोन बोटांमध्ये धरलं तर तार निघेल असं, आणि त्यानंतर पुन्हा घट्ट, पांढरट. चड्डीवर वाळल्यावर ते पिवळसर दिसतं, त्याने घाबरायचं कारण नाही. गरोदरपणात, गर्भनिरोधक गोळ्या घेताना, लैंगिक उत्तेजनेच्या वेळी प्रमाण वाढतं. त्याला किंचित आंबूस वास असू शकतो.

म्हणून मी बायकांना विचारते तो प्रश्न असा असतो: ‘तुमच्या नेहमीच्यापेक्षा काय बदललं?’ शेजारणीला किती जातं, पुस्तकात काय लिहिलंय, याच्याशी तुलना करून हाती काही लागत नाही. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. रंग बदलला, पातळपणा बदलला, वास आला, तो संबंधांनंतर आणि पाळीनंतर वाढतो आणि खाज नाही, हे सगळं तुम्ही नेमकं टिपलंय. शब्द फुटत नाहीत म्हणता, पण लिहिलंय ते इतकं स्वच्छ की माझं निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं मात्र पत्रावरून होणार नाही. तपासल्याशिवाय निदान करणं बरोबर नाही, तरी या वर्णनावरून माझ्या मनात पहिलं नाव येतं ते बॅक्टेरियल व्हजायनोसिसचं. मूल होण्याच्या वयातल्या बायकांमध्ये अशा बदललेल्या स्रावाचं हे सर्वांत जास्त आढळणारं कारण. बाहेरून एखादा जंतू आला आणि आजार झाला, असा साधा हिशोब यात नसतो. उपयोगी जंतूंची संख्या घटते, एरवी थोड्या प्रमाणात असणारे दुसरे जंतू माजतात आणि आतला आंबटपणा कमी होतो. पातळ, राखाडी पांढरा, भिंतींना सारखा चिकटलेला स्राव आणि मासळीसारखा वास ही त्याची ओळख. वास संबंधांनंतर का वाढतो? वीर्य अल्कधर्मी, म्हणजे आंबटाच्या उलट असतं. पाळीचं रक्तही योनीपेक्षा कितीतरी कमी आंबट. दोन्हींमुळे या जंतूंनी तयार केलेली वासाची रसायनं हवेत सुटतात. तुम्ही अस्वच्छ आहात असा त्याचा अर्थ अजिबात नाही, हे तुमच्या यजमानांनाही वाचायला द्या.

आणि जाऊबाईंची ती गोळी. तुम्ही नाव लिहिलं नाहीत, पण ‘पांढऱ्यासाठी एक गोळी’ म्हणून घरोघरी उरलेली असते ती बहुधा फ्लुकोनॅझोल, बुरशीवरची. बुरशीचा संसर्ग, म्हणजे कँडिडा, अगदी वेगळा वागतो. त्यात खाज हे मुख्य लक्षण, आणि ती अशी की रात्री झोप लागू नये. स्राव घट्ट, फाटलेल्या दुधासारखा, बहुतेक वेळा बिनवासाचा. बाहेरचा भाग लाल, सुजलेला, लघवी करताना त्या जागी झोंबतं. चारपैकी जवळजवळ तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी हा होतोच, म्हणून प्रत्येक स्राव बुरशीचाच असं वाटणं साहजिक आहे. पण जिवाणूंवर बुरशीच्या औषधाचा परिणाम होत नाही. दोन दिवस बरं वाटलं ते बहुधा महिन्याच्या चढउतारामुळे. गोळीचं श्रेय त्यात नसावं.

हा घोटाळा तुमच्या एकटीचा नाही. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्वतःच्या अंदाजाने बुरशीचं औषध विकत घेणाऱ्या ९५ बायकांची तपासणी केली. निव्वळ बुरशी निघाली ती साधारण एकतृतीयांश जणींमध्ये. बाकीच्यांना दुसरंच काही होतं, मिश्र संसर्ग होता किंवा काहीच नव्हतं. यातल्या काहींना आधी बुरशीचं निदान डॉक्टरकडून झालेलं होतं, म्हणजे अनुभवी बायका होत्या, तरी अंदाज चुकला. लक्षणं एकमेकांत मिसळतात, दोन संसर्ग एका वेळी असू शकतात. बुरशीच्या बाबतीत आणखी एक सांगते: वर्षात तीन किंवा जास्त वेळा झाली, तर दरवेळी गोळी गिळून विसरू नका. रक्तातली साखर तपासून घ्या. वारंवार अँटिबायोटिक्स, स्टेरॉइड्स, मधुमेहाची काही औषधं यांचाही हात असतो.

तिसरा एक प्रकार आहे, ट्रायकोमोनास. हा परजीवी १८३६ मध्ये पॅरिसच्या दोने या डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली स्रावात वळवळताना पाहिला. हिरवट-पिवळा, कधी फेसाळ स्राव, वास, जळजळ असं पुस्तकी वर्णन आहे. प्रत्यक्षात अनेक जणींना काहीच जाणवत नाही. हा संबंधांतून पसरतो, म्हणून औषध दोघांनाही एकाच वेळी घ्यावं लागतं आणि दोघांचं पूर्ण होईपर्यंत संबंध टाळावे लागतात. क्लॅमिडिया आणि गोनोरिया हे त्याहून गुपचूप वागणारे. स्राव थोडासाच वाढतो, पिवळट होतो, संबंधांनंतर रक्ताचा डाग दिसतो किंवा काहीच दिसत नाही. पण ते वर गर्भाशय आणि नळ्यांपर्यंत पोचले तर पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. मला यांची जास्त धास्ती वाटते, कारण वास येत नाही म्हणून कोणी तपासायला येत नाही.

तुमच्या यजमानांकडून काही लागलं का, याचं उत्तर तपासणीनंतरच मिळेल. माझा पहिला अंदाज बरोबर निघाला, तर कोणावर संशय घेण्याचं कारण नाही. बॅक्टेरियल व्हजायनोसिस एकनिष्ठ जोडप्यांमध्येही होतो. तरी त्याचा लैंगिक संबंधांशी काहीच संबंध नाही असंही आता म्हणता येत नाही. हा त्रास बरा होऊनही पुन्हा उलटतो, ही त्याची जुनी खोड. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. त्यात बाईबरोबर तिच्या कायमच्या जोडीदारालाही औषध दिलं, तेव्हा १२ आठवड्यांत त्रास उलटण्याचं प्रमाण बरंच खाली आलं. त्यामुळे पहिल्या उपचारानंतर पुन्हा झालं, तर ‘यांनाही औषध द्यायचं का?’ असं डॉक्टरांना जरूर विचारा. तोवर कंडोम वापरलात तर फायदाच होईल.

तांबीचंही बोलू. तांबी असलेल्या बायकांमध्ये बॅक्टेरियल व्हजायनोसिस थोडा जास्त आढळतो, पण एवढ्यावरून ती काढायची गरज सहसा पडत नाही. संसर्ग वर चढण्याचा धोका मुख्यतः ती बसवल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत असतो, तुम्हाला तर आठ महिने झाले. धागा तपासून घ्या म्हणजे झालं.

आणि सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं असू शकतं, बरं का. चार मिलिलिटर पाण्यासारख्या स्रावाने कोणाचीही ताकद जात नाही, हाडं झिजत नाहीत. तो समज सोडून द्या. पण तुम्ही थकलेल्या दिसता, हे त्यांनी पाहिलेलं खोटं कशाला असेल? तांबीने अनेक जणींची पाळी जास्त दिवस आणि जास्त प्रमाणात जाते. आठ महिने तसं चाललं असेल, तर अंगातलं लोह कमी झालेलं असू शकतं. पाळी वाढली आहे का ते आठवा आणि या भेटीतच हिमोग्लोबिन करून घ्या. थकव्याचं कारण कदाचित लाल रंगात आहे, दोष मात्र पांढऱ्यावर येतोय.

कॅन्सरची भीती तुम्ही एका ओळीत लिहिलीत, पण मला वाटतं तीच तुम्हाला रात्री जागी ठेवते. तुम्ही सांगितलेलं चित्र कॅन्सरचं नेहमीचं चित्र नाही. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरमध्ये स्राव होतो तेव्हा तो बऱ्याचदा पाण्यासारखा, रक्तमिश्रित आणि घाण वासाचा असतो. संबंधांनंतर किंवा दोन पाळ्यांच्या मधे रक्त जातं. यातलं काही असेल, तर मात्र थांबू नका. हा कॅन्सर एचपीव्ही या विषाणूमुळे होतो आणि कॅन्सरच्या आधीची स्थिती वर्षानुवर्षं शांत असते. म्हणूनच काही त्रास नसतानाही तपासणी करायची असते. जागतिक आरोग्य संघटना वयाच्या तिसाव्या वर्षापासून दर ५ ते १० वर्षांनी एचपीव्ही चाचणी सुचवते. तुम्ही ३१ च्या आहात. संसर्ग बरा झाला की करून घ्या. भीतीवर रोज विचार करत बसण्यापेक्षा ते बरं.

तुमचं प्रकरण दोन-तीन दिवसांत भेट घेण्याचं आहे, धावतपळत जाण्याचं नाही. पण ओटीपोटात दुखायला लागलं, ताप आला, थंडी वाजली, उलट्या झाल्या, संबंधांच्या वेळी आत खोल दुखलं, तर त्याच दिवशी जा. संसर्ग वर चढल्याची ती खूण असू शकते आणि त्यात एकेक दिवस महत्त्वाचा असतो. हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठीही थोडं सांगते. गरोदर असताना एकदम पाण्यासारखं वाहू लागलं, रक्त दिसलं, हिरवट-तपकिरी पाणी गेलं, तर घरी डाग तपासत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. गरोदरपणी वास-खाज असेल तर उरलेल्या गोळ्यांना हातही लावू नका. बुरशीची तोंडाने घ्यायची गोळी तेव्हा टाळतात, आत लावायचं औषध देतात. पाळी जाऊन वर्ष उलटलेल्या बाईला रक्ताचा एक ठिपका जरी दिसला, तपकिरी किंवा गुलाबी पाणी जरी गेलं, तरी तपासणी हवीच. बहुतेकदा कारण अस्तराचा कोरडेपणा असतो, पण गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर वगळल्याशिवाय तसं म्हणायचं नसतं. लहान मुलीच्या अंगावरून वासाचं, रक्ताचं किंवा पिवळं काही जात असेल, तर डॉक्टरला दाखवा. कधी आत एखादी वस्तू अडकलेली निघते आणि कधी मुलीला सांगता न येणारं काही घडलेलं असतं. तिला रागावू नका, शांतपणे ऐका. टॅम्पॉन वापरणाऱ्या बायकांनो, अचानक भयंकर वास आला तर शेवटचा काढल्याचं नक्की आठवतंय का, हे आधी पाहा. तो निघाला आणि बरोबर ताप, चक्कर, पुरळ असेल, तर तातडीने जा.

आता भेट. शक्यतो पाळी चालू नसताना जा. आदल्या दिवसापासून आत काहीही धुऊ नका, क्रीम घालू नका, संबंध टाळा, नाहीतर तपासायला शिल्लक काही राहत नाही. वास येतो म्हणून धुऊन-पुसून येणाऱ्या बायका मला रोज भेटतात. तो वास हाच माझा पुरावा असतो हो! बाई डॉक्टर हव्या असतील तर तसं आधी विचारा. डॉक्टर पुरुष असतील तर तपासताना नर्स सोबत असावी, हे मागण्यात संकोच नको. तपासणी पाचेक मिनिटांची. स्पेक्युलम नावाचं उपकरण घालून योनीमार्ग थोडा उघडतात. दडपण येतं, दुखायला नको. दुखलं तर ‘थांबा’ म्हणा, डॉक्टर थांबतील. एका कागदाच्या पट्टीवर आंबटपणा मोजतात, थोडा स्राव काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बॅक्टेरियल व्हजायनोसिससाठी १९८३ पासून चार खुणांचा एक निकष वापरात आहे. स्रावाचं रूप, ४.५ हून जास्त पीएच, एक रसायन टाकल्यावर येणारा वास आणि जंतूंनी वेढलेल्या पेशी. चारपैकी तीन जमल्या की निदान पक्कं. ‘मासिक पाळीची तारीख, तांबी कधी, आधी काय औषध घेतलं’ हे विचारतील. जावेच्या गोळीचं लपवू नका, कोणी हसणार नाही. नवीन जोडीदार, पूर्वीचे संबंध हेही विचारतील. तो प्रश्न सगळ्यांना असतो, तुमच्यावर संशय म्हणून नाही.

निदान तेच निघालं तर बहुधा मेट्रोनिडॅझोल मिळेल, आठवडाभर दिवसातून दोनदा, किंवा आत लावायचं जेल. गोळीने तोंडाला धातूसारखी चव येते, मळमळतं. बऱ्याच जणी तिसऱ्या दिवशी वास गेला की थांबतात आणि महिन्याभरात परत येतात. पूर्ण करा. आणि उरली, तर जाऊबाईंना देऊ नका!

शब्द फुटत नाहीत म्हणालात. मग बोलू नका, वाचा. हे चिठ्ठीवर लिहून न्या आणि खुर्चीत बसल्याबरोबर पुढे करा:

“वय ३१, तांबी आठ महिने. तीन आठवडे राखाडी, पातळ पांढरं जातंय. मासळीसारखा वास येतो, संबंधांनंतर आणि पाळीनंतर जास्त. खाज नाही, ताप नाही, पोटात दुखत नाही. जाऊबाईंकडची एक गोळी घेतली, बहुधा बुरशीची, उपयोग झाला नाही. जंतुनाशकाने धूत होते, आता बंद केलंय. थकवा आहे, हिमोग्लोबिन बघायचं आहे.”

पाळी नेहमीपेक्षा जास्त जात असेल तर तेही खाली जोडा.

– तुमची डॉक्टरताई